सोनवणेकाकांचा स्वीडिश राजा

सोनवणेकाकांच्या घरी चहाला बसायचं म्हणजे आधी स्वीडनच्या राजाला जागा करून द्यावी लागे. चहा येई, चिवडा येई, काकूंनी हाइलब्रॉनच्या तुर्की दुकानातून आणलेली कोथिंबीर किती महाग पडली ते कळे, आणि मग कुठून ना कुठून वाट काढत विषय गुस्ताव अडॉल्फवर पोचे. मी एकदा मुद्दाम माझ्या गुडघेदुखीपासून सुरुवात केली. राजाच्या खांद्यात रुतलेल्या बंदुकीच्या गोळीपर्यंत यायला काकांना फार वेळ लागला नाही.

जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. आम्ही दोघंही गावातल्या मोटारींच्या कारखान्यात, मी सॉफ्टवेअरमध्ये नवखा आणि ते क्वालिटीमध्ये मुरलेले. मूळचे जालन्याकडचे. ऐन तरुणपणी इथे आले आणि इथलेच झाले. बुटके, डोक्यावर टक्कल आणि त्याची भरपाई करणारी मिशी. दारात "जय भीम, या" म्हणून आत घ्यायचे आणि निरोप देताना जिन्यात उभं करून आणखी एक लढाई सांगायचे. जर्मन घडाघडा बोलत, पण ते सगळं शॉपफ्लोअरवर शिकलेलं. त्यांचं श्वाबियन, म्हणजे या भागातली गावरान बोली, इतकं अस्सल होतं की उत्तरेकडून आलेल्या मॅनेजरलोकांना ते दोनदा ऐकावं लागे.

राजा त्यांना पुस्तकात भेटला नाही, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात भेटला. ती म्हातारी नातवाला भरवताना म्हणायची, खा, नाहीतर स्वीडिश येईल. काकांनी चौकशी केली, कोण हा स्वीडिश? तेव्हा कळलं की तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाचं सैन्य या मुलखात आलं होतं आणि त्याची धास्ती अजून गेलेली नाही. हे कधीचं, असं विचारल्यावर म्हातारी म्हणाली, असेल चारशे वर्षांपूर्वीचं. ज्याच्या नावाने आजही पोरं पालक संपवतात तो माणूस साधा असणार नाही, हे काकांनी तिथेच ठरवलं आणि वाचनालयाचं कार्ड काढलं. त्यानंतर त्यांच्या घरात दुसऱ्या राजाला प्रवेश मिळाला नाही.

म्हणजे एक अपवाद होता. शिवनेरीवर पाळणा हलला त्याच वर्षी गुस्ताव अडॉल्फ समुद्र ओलांडून जर्मनीच्या किनाऱ्यावर उतरला, हे सांगताना काकांचा चेहरा असा फुलायचा की हा योग त्यांनीच जुळवून आणला असावा. मिसरूड फुटायच्या वयात हा गुस्ताव गादीवर बसला. वडिलांनी मागे तीन लढाया ठेवल्या होत्या, त्या त्याने निस्तरल्या. माणसाचं घराणं न बघता काम बघून त्याला अधिकारी केलं. "चारशे वर्षांपूर्वी, अभय," काका मला सांगायचे, "आणि आपल्याकडे अजून सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा तसा निवडत नाहीत." मग जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांच्या मदतीला आला, बव्हेरियापर्यंत धडक मारली आणि दोन-सव्वादोन वर्षांत लाइपझिगजवळ ल्युत्झनच्या मैदानात, भर धुक्यात मारला गेला. परत काही गेला नाही. इथे काका थोडा वेळ चहाच्या कपात बघत बसायचे.

सुनंदाकाकू या राजाला सवत असल्यासारखं वागवायच्या. "मेला म्हणून बरं," त्या म्हणत, "जिवंत असता तर जेवायलाच थांबला असता." त्याच्या राणीने म्हणे त्याचं प्रेत कितीतरी महिने पुरू दिलं नाही आणि काळीज डबीत घालून जवळ ठेवलं. काका हे गहिवरून सांगत. काकू म्हणाल्या, ह्यांचं काही बरंवाईट झालं तर मी सगळंच्या सगळं कारखान्यात पाठवणार आहे, क्वालिटीवाले बघून घेतील.

ब्राइटनफेल्डची लढाई मी चिवड्यात पाहिली. ताटात शेंगदाणे म्हणजे राजाचं पायदळ, समोर डाळं म्हणजे कॅथलिक बादशहाची फौज, काजू म्हणजे तोफा. मनुका होत्या सॅक्सनीच्या, राजाच्या दोस्तांच्या. पहिल्या धडकेतच सॅक्सनीवाले पळाले, हा इतिहास आहे, त्यामुळे सगळ्या मनुका काकांनी स्वतः खाल्ल्या. उरलेल्या चिवड्याला मी हात घातला तर म्हणाले, थांब, अजून पाठलाग बाकी आहे. पाठलाग संपेपर्यंत चिवडा मऊ पडला होता.

कारखान्यातही राजा सुटला नव्हता. त्याने वासा नावाचं एक प्रचंड जहाज बांधायला घातलं होतं. तोफांचे दोन मजले, वर नक्षीकाम, आणि तळाला वजन अपुरं. सफरीला निघण्याआधी खलाशांना डेकवर या बाजूहून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली, तर जहाज इतकं डुलायला लागलं की चाचणीच थांबवली. पण राजाला घाई होती आणि त्याला नाही म्हणायचं कोणाला धाडस झालं नाही. पहिल्याच सफरीत, बंदराच्या तोंडाशीच ते बुडालं. काकांच्या विभागात कोणी एखादा दोष झाकून गाडी पुढे ढकलायला लागलं की काका एवढंच म्हणायचे, "आल्झो, वासा." म्हणजे, तर मग, वासा. जर्मन पोरंसुद्धा लगेच स्क्रू परत काढायची. मी तिथे होतो तोवर हा शब्द सगळ्या हॉलमध्ये पसरला होता आणि निम्म्या लोकांना ते एखाद्या भारतीय देवाचं नाव वाटायचं.

त्यांच्या धंद्यात एक पद्धत आहे. काही बिघडलं की 'का' असं विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का', असं पाच वेळा खणायचं, म्हणजे खरं मूळ हाती लागतं. काकांनी ही पद्धत राजाच्या मरणाला लावली होती. राजा का मेला? धुक्यात एकटा शत्रूच्या घोडदळात घुसला, कारण त्याला लांबचं दिसत नसे. पण चिलखत का नव्हतं? कारण खांद्यातल्या जुन्या गोळीमुळे लोखंड अंगावर सहन होत नसे, म्हणून नुसता कातडी कोट. ती गोळी का लागली? पोलंडच्या लढाईत. पोलंडशी लढाई का? तिथला राजा याचा चुलतभाऊ, तो स्वीडनच्या गादीवर हक्क सांगत होता. का सांगत होता? कारण याच्या बापाने पुतण्याची गादी बळकावली होती. "म्हणजे मूळ कारण काय?" काका बोट वर करून विचारायचे. उत्तर तेच द्यायचे. "भाऊबंदकी. धुकं नाही, चष्मा नाही. भाऊबंदकी. जालना जिल्ह्यात काय आणि स्टॉकहोममध्ये काय."

ही पद्धत त्यांनी कुठे वापरली नाही असं नाही. भाजी करपली, तर का करपली याच्या मुळाशी काकूंच्या माहेरचे लोक निघाले. त्यानंतर आठवडाभर खाली स्वयंपाकघरात शांतता होती आणि काका माझ्याकडे मॅगी खायला यायचे.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाने शिवजयंतीला काकांना बोलायला उभं केलं. ही चूक मंडळाने पुन्हा केली नाही. काकांनी पाळण्यापासून सुरुवात केली, लगेच म्हणाले, आता त्याच वर्षी इकडे काय चाललं होतं ते थोडक्यात पाहू, आणि बाल्टिक समुद्रात शिरले. पहिली रांग डुलक्या घेऊ लागली. अध्यक्षीणबाईंनी घड्याळ दाखवलं, तेव्हा काका, "गेनाऊ, अगदी बरोबर, मूळ विषयाकडेच येतोय," म्हणून ऱ्हाइन नदी ओलांडून गेले. मागे बटाटेवडे गार होत होते. अखेर एका तिसरीतल्या मुलाने जर्मनमध्ये विचारलं की हा राजा आता मरणार का. काका म्हणाले, इतक्यात नाही. तेव्हा सभागृहात जो सुस्कारा ऐकू आला तो मोठ्या माणसांचा होता.

अशा माणसाची मुलगी स्वीडिश मुलाच्या प्रेमात पडली, तेव्हा सगळ्या मंडळाला वाटलं की काका आता पेढे वाटणार.

मुक्ता त्यांची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली. आईवडील मराठीत बोलत आणि ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि हे तिघांनाही इतकं अंगवळणी पडलं होतं की मध्ये बसलेला माणूसच काय तो गोंधळे. शिकायला स्वीडनमध्ये गोथेनबर्गला गेली, तिथे नोकरी लागली आणि योहान भेटला. उंच, शांत, बसगाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा. तो पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी काकूंनी मलाही बोलावलं होतं, बहुधा साक्षीदार म्हणून.

काकांनी त्याची सरळ तोंडी परीक्षा घेतली. राजा गादीवर कितव्या वर्षी आला, त्याच्या चॅन्सेलरचं नाव काय, ब्राइटनफेल्डला डाव्या बाजूला कोण होतं. योहान नम्रपणे नाही म्हणत राहिला. शेवटी त्याला काहीतरी आठवलं आणि तो खुलला. म्हणाला, आमच्याकडे त्याचा एक दिवस असतो, त्या दिवशी आम्ही केक खातो, त्यावर चॉकलेटचं राजाचं डोकं असतं. चांगला लागतो.

पुढच्या खेपेला तो बिचारा ते केक घेऊनच आला. तिकडून इथवर, मांडीवर खोका सांभाळत. प्रत्येक केकवर राजाचा चेहरा, एका बाजूने दिसणारा, दाढीसकट. काका खोक्याकडे बघत राहिले. चमचा हातात घेतला, खाली ठेवला. म्हणाले, मला शुगर आहे. त्यांना शुगर नव्हती. काकूंनी मात्र राजाचं डोकं उचललं, तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. गोड जरा कमी चाललं असतं." इतक्या वर्षांचं उट्टं त्यांनी एका घासात काढलं.

पण नंतर हसण्यासारखं राहिलं नाही. मुक्ताने सांगितलं की लग्न मेमध्ये गोथेनबर्गला आहे. काका म्हणाले, मुलगा चांगला आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही, पण मी येणार नाही. कारण विचारलं तर म्हणाले, ज्याला स्वतःचा राजा माहीत नाही त्याच्या घरी मी काय बोलू. मंडळात ज्याने त्याने समजावून पाहिलं. अहो काका, तुमच्याच राजाच्या देशातला जावई आयता चालून आला. काका म्हणत, राजा वेगळा, जावई वेगळा, आणि विषय बदलत. विषय बदलून ते राजाकडे जात नसत, हे मला जास्त लागलं. कितीतरी दिवस त्या घरात गुस्ताव अडॉल्फचं नाव निघालं नाही. चिवडा नुसता चिवडा म्हणून खाल्ला जात होता.

फेब्रुवारीत मुक्ता तिचं उरलेलं सामान न्यायला आली. मी काकूंचा कुकर परत द्यायला खाली गेलो, तर तिघं स्वयंपाकघरात उभी. योहान बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. मी मागे फिरणार, तर काकूंनी कुकर घेऊन मला खुर्ची दाखवली. मुक्ता वडिलांशी मराठीत बोलत होती. मोडकं होतं, पण मराठी होतं. तिला असं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बाबा, तू लग्नाला का येणार नाहीस?"

"सांगितलं ना. त्याला इतिहास माहीत नाही."

"त्याने काय होतं? का पाहिजे इतिहास?"

काकांच्या लक्षात आलं की हे काय चाललंय. त्यांनीच तिला शिकवलेलं होतं. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तुमच्या मुलांना तो काय सांगणार?"

"मुलांचं तुला आत्ता का?"

"ती स्वीडिश बोलतील. मी काय बोलणार त्यांच्याशी?"

"शिकतील मराठी. मी बोलते आहे ना आत्ता. का नाही शिकणार?"

"कारण तू इथे नसशील, मुक्ता. वर्षातून एकदा येशील. मग दोन वर्षांनी. मग फोन."

"असं का म्हणतोस? मी का नाही येणार?"

पाचवं का होतं की सहावं, मी मोजलं नाही. काका ओट्याला टेकून उभे राहिले. "कारण मीही परत गेलो नाही," ते म्हणाले. "माझ्या बापाला दोन वर्षांत येतो म्हणून सांगून निघालो होतो. तो एसटी स्टँडवर आला होता सोडायला. मधूनमधून गेलो, नाही असं नाही, पण पाहुणा म्हणून गेलो. जो जातो तो परत येत नाही. कोणी सांगायला नको मला."

काकूंनी उगाचच कुकरची शिट्टी काढून परत बसवली. मला तेव्हा तो राजा पहिल्यांदा समजला. चिवड्यातल्या लढाया, जहाज, चुलतभाऊ, हे सगळं ठीक होतं. पण या माणसाने इतकी वर्षं छातीशी धरला होता तो घरून जर्मनीला निघालेला आणि परत न गेलेला एक मुलगा होता. राजा मारला गेला तेव्हा त्याची पोरगी तिकडे स्वीडनमध्ये सहा वर्षांची होऊन बसली होती, हे सांगताना काका नेहमी घाई करत. मला तेव्हा वाटे, त्यांना पुढची लढाई गाठायची असेल. मला फार वाईट वाटलं.

मुक्ताने येऊन वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती त्यांच्याहून उंच असल्यामुळे तिला बरंच वाकावं लागलं. पण काका येतो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुक्ता-योहानला गाडीने हाइलब्रॉनच्या स्टेशनवर सोडायला गेलो. काका येतील असं वाटलं नव्हतं, पण ते आधीच गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते, काकू मागे मुलांबरोबर. रस्ताभर त्यांनी फक्त मला वेग कमी कर म्हणून सांगितलं. मी आधीच हळू चालवत होतो.

फलाटावर निरोपाचा गोंधळ झाला. मुक्ताने योहानला घरी शिकवून ठेवलं असणार, कारण तो एकदम काकांच्या पायाशी वाकला. इतका उंच मुलगा भर गर्दीत जमिनीपर्यंत गेलेला पाहून शेजारच्या दोन जर्मन बायकांना वाटलं, त्याचं काहीतरी पडलं. त्या बॅगा ठेवून खाली बसल्या आणि शोधायला लागल्या. एकीने विचारलं, कॉन्टॅक्ट लेन्स का? योहानला नमस्कार संपला की नाही ते कळेना, म्हणून तो खालीच राहिला. काका त्या बायकांना समजावत होते की काही हरवलेलं नाही, आणि ते श्वाबियनमध्ये समजावत असल्यामुळे त्यांना आणखी वेळ लागला. शेवटी काकांनी त्याला दंडाला धरून उठवलं. आशीर्वाद असा काही तोंडातून निघाला नाही, पण दंड त्यांनी लगेच सोडला नाही.

तेवढ्यात घोषणा झाली की गाडी उशिरा आहे. सोनवणेकाका आयुष्यभर गाडीच्या उशिरावर चिडले होते. एक मिनिट उशीर झाला तरी फलाटावरच्या अनोळखी माणसालाही ते त्याचं मूळ कारण खणायला लावायचे. आम्ही सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. पुन्हा घोषणा झाली, उशीर वाढला होता. काकांनी फलाटावरचा बाक रुमालाने पुसला आणि मुक्ताला म्हणाले, बस. स्वतः शेजारी बसले. तिसऱ्यांदा उशीर वाढला तेव्हा लोक पुटपुटायला लागले. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "काही म्हण अभय, यांची व्यवस्था चांगली आहे."

मग बोर्डाकडे बघत, कोणाकडेच न वळता त्यांनी विचारलं, "मेमध्ये तिकडे थंडी असते का?"

मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली, थोडी असते. मग थांबली आणि मराठीत म्हणाली, "स्वेटर लागेल, बाबा."

"तिकिटं मी मागच्याच महिन्यात काढलीत," काकू बॅगेत काहीतरी शोधत म्हणाल्या. "दोन. तुमची खिडकीची."

"मला विचारलं नाहीस."

"तुमच्या राजाने निघताना विचारलं होतं का घरात?"

मी पुढच्याच आठवड्यात नोकरी बदलून बाड हॉम्बुर्गला आलो, आणि मग आमचं फोनवरच बोलणं राहिलं, त्यामुळे ते अजून डोळ्यांसमोर येतात ते असे: गाडी आली नव्हती. बाकावर मुक्ता, तिच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मांडीवर पुस्तकांचं खोकं घेतलेला योहान. मी मोटार पार्किंगमधून काढायला निघालो आणि जिन्यापाशी वळून पाहिलं. रुळांवर लांब दिवे दिसत होते आणि सगळा फलाट उठून कडेला सरकला होता. काका एकटेच बसून राहिले होते. शेजारी उभ्या पोरीचा हात त्यांच्या हातात होता आणि त्यांनी येणाऱ्या गाडीकडे पाठ फिरवली होती.